ओले शिसम कातताना हातांना खाज सुटते, लाकूड घातक आहे का?

प्रश्न (प्रतापनगर, नागपूर)
वादळात उन्मळून पडलेल्या शिसमाचे काही ओंडके मला मिळाले असून त्यांतून वाडगे कातण्याचा विचार आहे. आपल्याकडच्या उन्हात ओंडका तसाच ठेवला तर तडकतो, म्हणून तो ओला असतानाच लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून पटाशीने आकार देण्याच्या यंत्रावर, चढवला. परंतु फिरताना त्यातले पाणी मनगटांवर उडते आणि संध्याकाळपर्यंत तेथे पुरळ उठते. एका ओंडक्याच्या सालीखाली काजळीसारखी काळी भुकटीही दिसली. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (लकडगंज)
शिसम हे रोझवूडच्याच डाल्बर्जिया वंशातले झाड आहे. या लाकडांत क्विनोन प्रकारची द्रव्ये असतात आणि काही जणांच्या त्वचेला त्यांची ॲलर्जी होते. एकदा ती जडली की पुढे थोड्याशा भुशानेही पुरळ उठते, त्यामुळे खाज अंगावर न काढता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. काम संपताच हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत. हातमोजे मात्र चुकूनही घालू नयेत, कारण फिरत्या लेथमध्ये मोजा अडकला तर त्याबरोबर बोटेही ओढली जातात. मनगटाशी घट्ट बसणारी बाही पुरते. छातीची काळजी ओल्या लाकडात नको, कारण त्याचे लांबलचक छिलके निघतात, धूळ उडत नाही.

प्रतिसाद (मानेवाडा)
शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. पटाशी चालते तोवर ते खरे आहे; पण वाडगा वाळल्यावर सॅण्डपेपर लागतोच, आणि तेव्हा उडणारी बारीक धूळ नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले असून नाक व सायनस यांना त्यात मुख्य धोका आहे. तेव्हा एन-९५ मास्क हवाच. ओले छिलके पोत्यात कोंबून ठेवले तर त्यांना बुरशी लागते, म्हणून ते रोज बाहेर काढावेत.

काळ्या भुकटीकडे दुर्लक्ष करू नये. युरोप-अमेरिकेत सायकमोर व इतर मेपल झाडांच्या सालीखाली क्रिप्टोस्ट्रोमा नावाच्या बुरशीचे असेच काळे बीजाणू साठतात. ते श्वासात गेल्याने साल सोलणाऱ्या कामगारांना होणाऱ्या फुफ्फुसदाहाची नोंद १९३२ मध्येच झाली आहे. काम आटोपल्यावर काही तासांनी ताप, खोकला आणि धाप लागते, आणि माणूस तो साधा फ्लू समजतो. तुमची भुकटी त्याच बुरशीची आहे असे मी म्हणत नाही. पण कोणतीही बुरशी मोठ्या प्रमाणात हुंगणे वाईटच. साल अंगणात, पाणी मारून आणि मास्क लावूनच काढावी. ओंडक्याचा भुकटी लागलेला भाग आरामशीनवर कापून काढून घ्यावा. शेडमध्ये कूलर लावत असाल तर त्याचा झोत लेथवर येऊ देऊ नका, कारण त्याने धूळ तोंडावर येते आणि ओला वाडगाही एका बाजूने वाळून तडकतो.