काशी किती जुनी? तीन हजार वर्षं की अडीचशे?

पायरीमोजणी (धागाकर्ता)
परवाच काशीहून परतलो. नावाडी, गाइड, लॉजमधलं पत्रक, सगळीकडे एकच पालुपद: जगातलं सगळ्यात जुनं शहर, वस्ती कधी मोडलीच नाही. कुणी पाच हजार वर्षं सांगतं, कुणी थेट दहा.

मणिकर्णिकेजवळ ते कललेलं रत्नेश्वराचं देऊळ आहे ना? पहिला नावाडी म्हणाला, अहिल्याबाईंच्या रत्ना नावाच्या दासीनं ते बांधलं आणि स्वतःचंच नाव दिलं, म्हणून बाईंनी शाप दिला. दुसऱ्या दिवशीच्या नावाड्यानं तेच देऊळ मानसिंगाच्या सेवकाच्या नावावर केलं. त्यानं म्हणे आईचं ऋण फिटल्याची फुशारकी मारली आणि देऊळ कललं. बाजूचा शिंदे घाट बायजाबाईंनी १८३० च्या सुमारास बांधला, तोही वजनानं खचला होता. त्याला कुणी शाप दिल्याचं ऐकलं नाही.

माझ्या मते अशा गोष्टींनी इतिहासाचीच काशी झाली आहे. १९४० मध्ये राजघाटाला रेल्वेच्या कामात माती उकरताना जुन्या वस्तू निघाल्या, पुढे बनारस हिंदू विद्यापीठानं तिथं रीतसर उत्खनन केलं. तळातली वस्ती साधारण इ.स.पू. ८०० ची. पावणेतीन हजार वर्षं काय कमी आहेत? आणि ते राजघाट शहराच्या उत्तर टोकाला. आपण ज्यांचे फोटो काढतो ते दगडी घाट बरेचसे अठराव्या शतकातले किंवा नंतरचे, त्यातही मराठी पैसा भरपूर. आजचं विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाईंचं, १७८० चं. सगळंच 'प्राचीन' म्हटलं की बांधणारे गायब होतात.

तांब्याचा गडू
असहमत. दगड नवे, कारण जुने टिकू दिले नाहीत. ११९४ ची स्वारी, मग १६६९ चं औरंगजेबाचं फर्मान. मधल्या काळात, १५८५ च्या सुमारास, नारायण भट्टांनी तोडरमलाच्या मदतीनं देऊळ पुन्हा उभं केलं. हे भट्ट घराणं मूळ पैठणचं, पुढे राज्याभिषेकाला आलेले गागाभट्ट याच घरातले. नाथांनी भागवत पुरं केलं तेही काशीतच, १५७३ ला. म्हणजे अहिल्याबाईंच्या दोनशे वर्षं आधीपासून आपली माणसं तिथं येत-राहत होती. पाडलेल्या ठिकाणी लोक पुन्हा पुन्हा येतात, हाच पुरावा नाही का?

माझी आजी कधी काशीला गेली नाही. पण 'काशीस जावे नित्य वदावे' हे तिच्या तोंडी रोज. देवघरातला सीलबंद गडू तिनं शेवटच्या घोटासाठी राखून ठेवला होता. तिच्या काशीचं वय कुठल्या थरात खणून काढणार?

तिरकस
दोघांनाही अर्धा-अर्धा लाडू. 'काशी मराठ्यांनी बांधली' हीसुद्धा गाइडगिरीच, फक्त आपल्या आवडीची. मानमंदिर आमेरवाल्यांचं, दरभंगा घाट बिहारच्या संस्थानिकांचा, विश्वनाथाच्या शिखरावरचं सोनं रणजितसिंहांचं.

आणि तुमच्या दोन्ही काशींत मदनपुऱ्याचे विणकर कुठं आहेत? कबीर त्याच धंद्यातले. काशीत मेलं की मोक्ष, हे त्यांना पटलं नाही, म्हणून म्हातारपणी मगहरला निघून गेले. पार्श्वनाथ जन्मले काशीत, बुद्धांचं पहिलं प्रवचन झालं हाकेवरच्या सारनाथला. घाटावरच्या पत्रकात यातलं किती असतं?

पायरीमोजणी
तिरकसराव, लाडू मान्य. विणकर माझ्याकडून राहिले.

गडूताई, तुमचं म्हणणं देवळांपुरतं बरोबर. घाटांचं तसं नाही. तिथं आधी बहुतेक ठिकाणी मातीचा कच्चा काठच होता. तो कुणी पाडला नाही, नंतर कुणीतरी बांधून काढला.

तांब्याचा गडू
कच्चा असला तरी लोक त्यावरूनच उतरून अंघोळ करत होते ना! पायऱ्या आल्यावर गंगा आली नाही.

ब्रह्माघाटवाली
इतका वेळ गप्प होते. माझं माहेर ब्रह्माघाटाच्या गल्लीतलं, सात पिढ्या तिथं. मराठी घरं तिथं पूर्वी बरीच होती. हिंदी पत्रकारितेत ज्यांचं नाव आदरानं घेतात ते 'आज'चे संपादक बाबूराव विष्णु पराडकरही काशीतल्या मराठी घरातलेच. पण आमच्याकडे पेशवे, होळकर यांच्या गप्पा फार नसायच्या. जिन्याच्या भिंतीवर १९७८ च्या पुराची रेघ आहे, आजोबांनी गेरूनं ओढलेली. पाहुणा आला की आजोबा आधी ती रेघ दाखवणार, मग विश्वनाथाची वाट सांगणार. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की आजी दर तासाला जिना उतरून बघून यायची, रेघेला अजून किती राहिलं.

बाकी विश्वनाथाच्या नव्या कॉरिडॉरसाठी घरं उतरवली तेव्हा कित्येक घरांच्या आत देवळं निघाली. माणसांनी देवळाला भिंती जोडून चुली मांडल्या होत्या. जुनं काय, नवं काय, तिथं कसं वेगळं करणार होतात?

तिरकस
रेघेचा फोटो टाका ना.

ब्रह्माघाटवाली
दिवाळीत जाणार आहे, तेव्हा टाकते. भावानं रंग काढला नसेल तर.

पायरीमोजणी
आणि रत्नेश्वर नक्की कुणी बांधलं, तेही विचारून या.

ब्रह्माघाटवाली
आमच्या घाटावर विचारू नका, तिसरीच गोष्ट ऐकायला मिळेल.