लिंकन काउंटी विरुद्ध लुनिंग (१८९०): काउंटीला पळवाट का मिळू नये?

जुना_मुनीम:
पिओश या खाणगावाची चांदी जोरात असताना अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या लिंकन काउंटीवर (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) कर्ज चढलं, त्यापोटी तिने रोखे काढले. पुढे खाणी बसल्या आणि व्याजाची कूपनं थकली. लुनिंग हा रोखेधारक फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात गेला. काउंटीचा बचाव असा: आम्ही राज्याचाच भाग, आणि अमेरिकेच्या अकराव्या घटनादुरुस्तीमुळे राज्यावर फेडरल कोर्टात असा दावा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयात न्या. ब्रूअर यांनी तो फेटाळला. काउंटी ही स्वतंत्र संस्था, तिच्यावर दावा चालतो. मला निकाल शंभर टक्के पटतो. रोखे विकताना स्वतंत्र आणि फेडायची वेळ आली की सरकार, असं कसं चालेल?

डोंगरवाट:
मुनीमकाका, पण भरणार कोण? खाणी बसल्यावर पैसेवाले निघून गेले. मागे उरले त्यांच्या डोक्यावर कर. पिओशचं कोर्टहाऊसच घ्या. ठरली किंमत साधारण २६ हजार डॉलर. व्याज चढत चढत १९३० च्या दशकात कर्ज फिटलं तेव्हा आकडा दहा लाखांच्या घरात. तोवर इमारत मोडीत निघालेली! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

जुना_मुनीम:
मग ओरडा ते कंत्राट देणाऱ्यांच्या नावाने. व्याज थकवत गेलं की फुगणारच. रोखेधारकाने काय पाप केलं?

तिरकस:
गंमत म्हणजे त्याच दिवशी, ३ मार्च १८९० ला, त्याच न्यायालयाने हान्स विरुद्ध लुइझियाना खटल्यात उलट सांगितलं. लुइझियानाने राज्यघटना बदलून व्याज बुडवलं, आणि तिथल्याच नागरिकाला फेडरल कोर्टाचं दार बंद. थोडक्यात, बुडवायचं तर राज्य होऊन बुडवा.

डोंगरवाट:
हेच म्हणतोय! राज्याला माफी आणि खेड्यापाड्यांच्या काउंटीला वसुली. तत्त्व एकच असेल तर दोघांना लावा.

जुना_मुनीम:
लावाच की! हान्सचा निकाल चुकला म्हणून लुनिंगचे पैसे का बुडावेत?

तिरकस:
काका, हुकूमनामा हातात आला म्हणजे पैसे आले असं नाही. मिझुरीत सेंट क्लेअर काउंटीने रेल्वेसाठी रोखे काढले, रेल्वे आलीच नाही. कोर्टाने कर बसवायला सांगितलं, तर काउंटीचे कारभारी तुरुंगात गेले, पण कर बसवला नाही. गावाने त्यांनाच डोक्यावर घेतलं.

जुना_मुनीम:
तिथे रेल्वेच आली नाही, राग समजतो. पिओशला इमारत तर मिळाली होती ना?