पुन्हा: पुन्हा: माती हवी आहे (आणि एक जुनं लुगडं)

प्रेषक: बापूकाका
रविवार, २८ सप्टेंबर २०२५
विषय: माती हवी आहे

मंडळी, नमस्कार.

काकांचं नवं खूळ कुठलं, असं गणपतीत तिघांनी विचारलं म्हणून लिहितो. आंबवलेल्या पिठाचा पाव संपला. विरजणासारखं जपलेलं ते पीठ मी गावाला गेलो तेव्हा घरच्यांनी बरणीसकट टाकलं, आणि मला ते कळायलाही आठवडा गेला, म्हणजे माझंही मन उडालं होतंच. यंदा परसात दिवाळीचा किल्ला करतोय.

जुलैच्या ११ तारखेला पॅरिसमध्ये युनेस्कोने आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा आपल्या मंडळाच्या मेल-लिस्टवर एका संध्याकाळी किती मेल आल्या ते आठवा. मी स्वतः दोनदा ‘जय शिवराय’ लिहिलं. रात्री मनात आलं, इंग्लंडात रेडिंगला येऊन एकवीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत एकदाही हाताला किल्ल्याची माती लागलेली नाही. पुण्यात वाड्याच्या अंगणात दरवर्षी करायचो. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकला की थेट घमेलं.

तर हवंय ते असं: फुटक्या विटा, दगड, गोणपाट आणि माती. कुंड्यांत घालायचं पिशवीतलं खत कृपा करून आणू नका. त्याचा भुगा होतो, भिंत उभी राहत नाही. आमच्या परसात दोन वीत खणलं की करडी चिकणमाती लागते, पण तेवढी पुरणार नाही. कोणी घरामागे बांधकाम काढलं असेल तर दोन बादल्या बाजूला ठेवा, मी गाडी घेऊन येतो.

— बापूकाका

प्रेषक: निखिल
रविवार, २८ सप्टेंबर
विषय: पुन्हा: माती हवी आहे

काका, भारी! आमच्याकडे स्वयंपाकघर वाढवतोय, माती हवी तेवढी न्या, उलट मीच पैसे देतो.

पण किल्ला कुठला? बायको म्हणते जिंजी करा. बारातला तेवढा एकच महाराष्ट्राबाहेर, तिच्या तमिळनाडूत, आणि तीन टेकड्या असल्यामुळे मुलांमध्ये भांडणं होणार नाहीत. मुलं म्हणतात समुद्रातली खांदेरी, कारण त्यांना पाणी सोडायचंय. माझं मत विजयदुर्ग. हेलियमचा शोध तिथे लागला ना? वर एक फुगा बांधू.

प्रेषक: नाना
सोमवार, २९ सप्टेंबर
विषय: पुन्हा: पुन्हा: माती हवी आहे

निखिल, हा फुगा जुलैतही कोणीतरी उडवला होता, तेव्हा मी गप्प बसलो.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन आंध्रात गुंटूरला होते. विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात, ते मीही पाहिले आहेत, त्यांच्यावर बसून डबाही खाल्ला आहे. पण ज्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरसाहेबांचं नाव तिथे घेतात ते त्या वेळी इथे इंग्लंडातच होते. त्यांनी वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेषा पाहिली २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना.

यंदा २० ऑक्टोबरला नरकचतुर्दशी आहे. फुगा बांधायचाच असेल तर त्या पहाटे बापूच्या परसात बांध, इंग्लंडात आहे म्हणून शोभेल.

— नाना

प्रेषक: सुलूमावशी
मंगळवार, ३० सप्टेंबर
विषय: पुन्हा: पुन्हा: माती हवी आहे

बापूराव, गोणपाट इथं कुठलं मिळायला? बासमतीच्या पिशव्या वरून तागाच्या दिसतात, पण आत प्लास्टिक. चिखल धरणार नाही, निसटून खाली येईल.

माझ्याकडं वाकळेसाठी जमवलेला कपडा आहे. (तुमच्या पुण्याकडची गोधडी. आमच्या कोल्हापूरकडं वाकळ.) हिवाळ्यात मंडळातल्या आठ जणींना शिकवायची आहे, त्यासाठी सगळ्यांनी घरातलं जुनं आणून दिलं. त्यातलं निम्मं कामाचं नाही. पलंगपोस, पडदे, सगळं पॉलिस्टर मिसळलेलं. सुई जायला नको म्हणते, धावदोरा गोळा होतो आणि धुतल्यावर थर एकमेकांत बसत नाहीत. ते न्या हवं तर.

पण तुमच्या कामाला तेही उपयोगाचं नाही, कारण जे सुईला नको ते चिखलालाही नको. सुती लागणार. माझ्या सासूबाईंचं इचलकरंजीचं एक लुगडं आहे, मधे विरलंय, काठ मात्र शाबूत आहेत. काठ वाकळेला लावायचे म्हणून ठेवलंय. किल्ल्याला देते, पण काठ न कापता, आणि दिवाळी झाली की धुऊन परत. तुम्ही धुवायचं, वहिनींनी नव्हे.

प्रेषक: बापूकाका
रविवार, ५ ऑक्टोबर
विषय: राजगड!

मंडळी,

‘एमी’ वादळाने परवा शेडच्या छपराचा कागद उडवला, पण किल्ल्याचा पाया टिकला. ठरलं: राजगड. रायगड सगळेच करतात. त्याआधी बरीच वर्षं राजधानी होती ती राजगडावर, आणि आकार असा की लहान मुलालाही पाहून समजतो. मधे उंच बालेकिल्ला, खाली तीन बाजूंना तीन माच्या: पद्मावती, सुवेळा, संजीवनी. निखिल, तुझ्या तीन मुलांना तीन माच्या, म्हणजे भांडणाचा प्रश्न मिटला. जिंजी पुढल्या वर्षी. राजाराम महाराजांना मोगलांनी तिथे आठेक वर्षं वेढा दिला होता, त्याला एक वर्ष थांबायला हरकत नसावी. खांदेरी मात्र इथे करायची तर शेजाऱ्यांना आधी सांगावं लागेल. १६७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी गलबतं आणून तिचं बांधकाम थांबवायचा प्रयत्न केला होता आणि हात हलवत परत गेले होते.

आता मावशींच्या लुगड्याबद्दल. मी आयुष्यभर गोणपाटाचे कडे केले आणि आज कळलं की गोणपाट नाइलाज होता. विटांचा ढीग रचला, फटींत दगड ठोकले. बादलीत चिकणमाती कालवून ताकाएवढी पातळ केली, चाळणीने गाळली, आणि लुगडं त्यात बुडवून दहा मिनिटं ठेवलं. पिळायचं नाही. दोघांनी दोन टोकं धरून बालेकिल्ल्यावरून खाली सोडायचं. ते ज्या घड्या घालून पडतं ना, त्या सह्याद्रीच्या असतात! वरून खाली सरळ कडा, मधेच घळ, खाली पायथ्याला पसरलेला उतार. आपण हाताने करायला गेलो तर माणसाने केल्यासारखं दिसतं. त्यावर घट्ट चिखलाचे हात मारत गेलो. सुती कापड चिखल पिऊन घेतं, एक ढेकूळ सुटलं नाही. तपासून बघावं म्हणून शेजारच्या विटेवर पलंगपोसाचा तुकडा लावला होता. त्यावरचा चिखल रात्रीत सालपटासारखा निघाला. मावशी, तुमचंच खरं.

काठ वर येतात तिथे तटबंदी धरली आहे. हिरवा काठ, बुट्टीचा. पुसून ठेवलाय.

संजीवनी माचीला दुहेरी तट आहे, चिलखत घातल्यासारखा, दोन भिंतींच्या मधून माणूस जाईल एवढी वाट. ती आइस्क्रीमच्या काड्यांनी करायचं काम धाकट्याकडे. सुवेळा माचीवर नेढं आहे, म्हणजे कड्याला आरपार पडलेलं भोक. ते कोण करणार?

— बापूकाका

प्रेषक: सुलूमावशी
रविवार, ५ ऑक्टोबर
विषय: पुन्हा: राजगड!

नेढं मी करते. आठवड्याला शंभरदा सुईच्या नेढ्यात दोरा ओवते, आता एकदा असं नेढं करू दे ज्यातून चष्म्याशिवाय पलीकडचं दिसेल.

प्रेषक: चिटणीस
सोमवार, ६ ऑक्टोबर
विषय: पुन्हा: राजगड! / फराळाची नोंदणी

सर्वांस विनंती: किल्ल्याच्या धाग्यात फराळाची नावं लिहू नका, माझी मोजणी चुकते. आतापर्यंत एकोणचाळीस मोठे, चौदा लहान. चकल्या करणारं अजून कोणी नाही, शंकरपाळे करणारे सात. किल्ला बघायला येणाऱ्यांनी गाड्या मुख्य रस्त्यावर लावाव्यात.

प्रेषक: बापूकाका
गुरुवार, ९ ऑक्टोबर
विषय: अळीव

हे सगळ्यांनी वाचा, कामाचं आहे.

किल्ल्यावर हिरवळीसाठी आपण अळीव, मोहरी, नाचणी पेरायचो. मी अळीव शोधत तीन दुकानं फिरलो. गुजराती दुकानात ‘असेळियो’ म्हणून पाव किलोचं पाकीट मिळालं, बाळंतिणीच्या लाडवांपुरतं. ते घेऊन परसात उभा होतो, तर शेजारच्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, हे तर क्रेस. बी हातात घेऊन ओळखलं त्यांनी! शाळेत ओल्या कापसावर पेरायचे म्हणे, अंड्याच्या कवचात घालून त्याला तोंड काढायचे, आणि उगवलं की कापून अंड्याच्या सँडविचमध्ये. बागकामाच्या दुकानात ते पाकिटानेच मिळतं. म्हणजे एकवीस वर्षं मी जे त्रिकोणी सँडविच कामावर खात होतो, त्यात किल्ल्यावरची झाडी होती.

बाईंनी एक खुबीही सांगितली: क्रेस आधी, मोहरी तीन दिवसांनी. अळीव सावकाश येतो, मोहरी झपाट्याने. एकदम पेरलं तर मोहरी डोक्यावर बसते. आपण भारतात कधी हा विचार केला नाही, तिथे ऑक्टोबरचं ऊनच असं की सगळं एकदम यायचं.

अळीव तासभर भिजवला की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत गर धरतो. तो चमच्याने उभ्या कड्यावर थापा, चिकटून बसतो. नाचणी तशी बसत नाही, ओघळते. स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवलेल्या बशीत चार दिवसांत कोंब आले. बाहेर दुप्पट दिवस धरा, म्हणून आज पेरला. रविवारी मोहरी.

रात्री विजेरी घेऊन परसात कोणी वाकलेलं दिसलं तर तो मी आहे. शंख नसलेल्या गोगलगायींना राजगडाचा पत्ता लागलाय. काल अकरा उचलल्या, एक थेट पद्मावती माचीवरून.

— बापूकाका

प्रेषक: बापूकाका
रविवार, १९ ऑक्टोबर
विषय: चार धावा

आज कोणी माझ्याशी बोलू नका.

सकाळी साडेदहाला महिला विश्वचषकातला इंदूरचा भारत-इंग्लंड सामना सुरू झाला तेव्हा मी रेडिओ विटेवर ठेवून दरवाजे बसवत होतो. इंग्लंडच्या २८८. आपली सांगलीची पोरगी, स्मृती मानधना, ८८ वर असताना गेली, तोवर सामना आपला होता. मी बालेकिल्ल्याच्या पायऱ्या सुरीने कोरत होतो, त्यातल्या वरच्या सहा बघा, त्या वाकड्या आहेत, त्या शेवटच्या दहा षटकांतल्या आहेत. २८४ वर संपलं. चार धावा!

शेजारच्या बाईंना क्रिकेटमधलं काही समजत नाही, पण कोण हरलं ते माझ्या तोंडावरून समजलं. त्यांनी चहा आणून दिला. दूध आधी घातलेला, पण दिला. मग विचारलं, दरवाजा समोर का नाही, दोन बुरुजांच्या मागे का लपवलाय? मी सांगितलं, हत्तीला धाव घ्यायला जागा मिळू नये म्हणून. त्यावर त्यांनी बराच वेळ परसाच्या फाटकाकडे पाहिलं.

बाकी बातमी: अळीव दीड इंच. मोहरी बरोबर खाली राहिली. मावळे कमी पडले म्हणून लेगोचे चार अंतराळवीर पहाऱ्यावर घेतले आहेत. महाराज माझ्या भावाने पुण्याहून पाठवले, कुंभारवाड्यातले. तलवार प्रवासात मोडली, टाचणीची केली.

मंगळवारी लक्ष्मीपूजनाला या. सहाच्या आत या, म्हणजे उजेडात दिसेल.

— बापूकाका

प्रेषक: निखिल
मंगळवार, २१ ऑक्टोबर, रात्री
विषय: पुन्हा: चार धावा

काका, मुलं घरी यायलाच तयार नव्हती. धाकटा झोपेत ‘संजीवनी माझी’ म्हणतोय. बायकोने मोजमापं लिहून घेतली आहेत, पुढल्या वर्षी जिंजी नक्की. नेढ्यात पणती ठेवायची कल्पना कोणाची? अंधारात नुसता एक डोळा दिसत होता.

प्रेषक: बापूकाका
गुरुवार, २३ ऑक्टोबर
विषय: बेंजामिन

मंडळी,

वादळांना नावं ठेवणाऱ्यांनी यंदा भाऊबीज बरोबर धरली. ‘बेंजामिन’ पहाटेपासून कोसळत होता. आठ वाजता पाहिलं तर सुवेळा माची वाहून निखिलच्या मातीसकट गटाराकडे निघाली होती. अंतराळवीर तिघे सापडले. महाराज मी रात्रीच घरात आणले होते.

मी मुकाट्याने आत जाऊन सामना लावला. नवी मुंबईत न्यूझीलंड. तिथेही पावसाने मधेच खोळंबा केला, पण स्मृतीच्या १०९, प्रतिका रावलच्या १२२. उपांत्य फेरी! तुमच्या वहिनींनी ओवाळायला आलेल्या माझ्या बहिणीला सांगितलं, तो दोन ठिकाणचा पाऊस एकदम बघतोय, जरा थांबा.

दुपारी उघडीप झाल्यावर बाहेर गेलो. चिखल बहुतेक धुतला गेलाय, विटा दिसायला लागल्यात. पण लुगडं जागचं हललेलं नाही. कारण कळलं तेव्हा तिथेच उकिडवा बसलो. अळिवाची मुळं कापडातून आरपार गेली आहेत. मागून पाहिलं तर पांढऱ्या बारीक दोऱ्यांनी सगळं लुगडं टाचल्यासारखं दिसतं, वर हिरवं, खाली पांढरं. ओढून पाहिलं, निघत नाही.

मावशी, धुऊन परत करायचं कबूल केलं होतं. आता धुवायचं म्हणजे हे सगळं उपटावं लागेल, आणि विरलेला भाग त्यात टिकणार नाही. काय करू?

— बापूकाका

प्रेषक: सुलूमावशी
गुरुवार, २३ ऑक्टोबर
विषय: पुन्हा: बेंजामिन

उपटू नका. वरचं कात्रीने कापून शेजारच्या बाईंना द्या, अंडी त्या उकडतील. मुळं वाळू देत, वाळली की चोळून निघतात. शनिवारी कार्यक्रमाला येताना लुगडं तसंच गुंडाळून हॉलवर आणा, काठ मी तिथंच बघते.

आणि त्या दिवशी चकल्या कोणीच आणल्या नव्हत्या.