स्कॉटलंडचा जावई, हात बांधायचा विधी आणि 'वर्षाचं लग्न'

देवगडची मामी
भाचीचं लग्न ठरलंय, मुलगा स्कॉटलंडचा. लग्न आपल्या पद्धतीने इथेच देवगडला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला 'हँडफास्टिंग' करायचंय, म्हणजे दोघांचे हात एकत्र बांधतात. थोरल्या जाऊबाईंनी मोबाइलवर वाचलं की हे एक वर्ष आणि एका दिवसापुरतं लग्न असतं, नाही पटलं तर मोकळे! तेव्हापासून घरात घोर लागलाय. कोणाला नक्की ठाऊक आहे का?

गुहागरकर
मामी, जाऊबाईंना सांगा, निर्धास्त राहा. नोकरीनिमित्त मी एडिनबरोला होतो, एका सहकाऱ्याच्या लग्नात हे जवळून पाहिलंय. उजवा हात उजव्या हातात. त्यावरून मुलाच्या आजीने घराण्याच्या चौकड्यांच्या कापडाची पट्टी फिरवली. दोघांनी एकेक टोक धरून हात अलगद मागे घेतले, तशी मधे गाठ बसली. ती पट्टी तशीच जपून ठेवतात.

तिकडे पूर्वी लग्नाला पाद्री लागतच असे असं नाही. हातात हात घेऊन 'आजपासून तू माझी बायको', 'तू माझा नवरा' म्हटलं की लग्न लागलं, आणि तेही जन्माचं. 'पुढे करीन' म्हटलं तर तो वाङ्निश्चय. इंग्लंडने 1753 च्या कायद्याने हे बंद केलं, म्हणून तिकडची जोडपी पळून स्कॉटलंडात ग्रेटना ग्रीनला जायची. स्कॉटलंडात नुसत्या शब्दावरचं लग्न 1940 पर्यंत चाललं.

वर्षाची गोष्ट प्रवाशांनी पसरवली. मार्टिन मार्टिनने 1703 च्या पुस्तकात स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरची चाल म्हणून लिहिली, वॉल्टर स्कॉटने 1820 च्या कादंबरीत घेतली, मग घरोघरी गेली. 1958 मध्ये ए. ई. अँटन या कायद्याच्या अभ्यासकाने ती तपासली, तेव्हा तिला आधार सापडला नाही. दोरी गुंडाळणंही बहुतेक गेल्या शतकातलंच. जुना भाग हात धरण्याचा, आणि तो आपल्या पाणिग्रहणातही आहे. 'गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्' हे तर ऋग्वेदातलं. मला तर दोन्ही विधी एकाच मांडवात झालेले फार आवडतील.

मालवणची वकील
मामी, घोर लावून घ्यायचाच तर दुसरीकडे घ्या. 1955 चा हिंदू विवाह कायदा दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो. मुलगा हिंदू नसेल तर सप्तपदी होऊनही कायद्याने लग्न झालं असं होत नाही. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे लग्नाची नोटीस द्या. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात आधीचे सलग 30 दिवस वास्तव्य हवं, आणि नोटिशीनंतर पुन्हा 30 दिवस थांबावं लागतं. हॉल बुक करायच्या आधी हे बघा.

देवगडची मामी
अगो बाई, हे कोणीच बोललं नव्हतं! भाची मुंबईत असते, म्हणजे नोटीस तिथेच द्यायची ना? आजच फोन करते. आणि गुहागरकर, त्या पट्टीऐवजी सासूबाईंच्या शालूचा काठ चालेल का?

गुहागरकर
चालेल की! चांगला लांब घ्या, आणि जरीचा धागा टोचणार नाही असा बघा.