परदेशी विनोदी चित्रपट पाहताना हसू नेमके कुठे अडते?

अनिमिष (धागाकर्ता)

गेल्या वर्षभरात आम्ही पाच मित्रांनी दर पंधरा दिवसांनी एक परदेशी विनोदी चित्रपट एकत्र बसून पाहिला. निवड आळीपाळीने करायची आणि चित्रपट संपल्यावर तो आवडला की नाही एवढेच नव्हे, तर हसू कुठे आले आणि कुठे आले नाही हेही सांगायचे, असा नियम होता. माझ्या वाट्याची पहिली निवड होती फ्रेंच दिग्दर्शक जाक ताती यांचा १९६७ चा ‘प्लेटाइम’. पूर्वी एका महोत्सवात पाहिला तेव्हा या चित्रपटाने माझी हसून हसून पुरेवाट केली होती. या वेळी मात्र उरलेल्या चौघांपैकी तिघे गप्प बसून राहिले आणि चौथ्याने अर्ध्या तासानंतर “हा विनोदी आहे हे आधी सांगायला हवे होते” असे म्हणून मलाच निरुत्तर केले. याउलट बिली वाइल्डर यांच्या १९५९ च्या ‘सम लाइक इट हॉट’ला पाचही जण सुरुवातीपासून शेवटच्या वाक्यापर्यंत खळखळून हसलो. पिएत्रो जर्मी यांच्या १९६१ च्या ‘डिव्होर्स इटालियन स्टाइल’ला हसू आले, पण आपण कशाला हसलो असे वाटून मागाहून थोडे ओशाळल्यासारखेही झाले.

यावरून आमच्यात जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. एका मित्राच्या मते प्रत्येक राष्ट्राची विनोदबुद्धी जात्याच वेगळी असते: इंग्रजांचा विनोद कोरडा, अमेरिकनांचा थेट, फ्रेंचांचा बेताचा आणि जर्मनांकडे तर तो नाहीच. ही वर्गवारी मला फार सोयीची आणि म्हणूनच संशयास्पद वाटते; परंतु तिचे खंडन करण्याइतके चित्रपट मी पाहिलेले नाहीत. राष्ट्रीय विनोदबुद्धी असे काही खरोखर असते, की भाषा, माहिती आणि सवय यांच्या अडसरालाच आपण ते नाव देतो? आपले आवडते विनोदी चित्रपट आणि कोणत्या देशाचा विनोद आपल्याला पचला नाही, हे सकारण सांगितल्यास चर्चा पुढे जाईल.

जुना प्रेक्षक

आपण ‘डिव्होर्स इटालियन स्टाइल’चा उल्लेख केलात ते बरे झाले, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या चित्रपटातच आहे. तो पडद्यावर आला तेव्हा इटलीत घटस्फोटाचा कायदाच नव्हता. तो १९७० मध्ये झाला. मात्र पत्नीला व्यभिचार करताना पकडून त्या संतापाच्या भरात तिला ठार मारणाऱ्या पतीला अगदी सौम्य शिक्षा देणारे कलम तेथील दंडसंहितेत होते आणि ते थेट १९८१ मध्ये रद्द झाले. म्हणजे घटस्फोटाची वाट बंद आणि खुनाची वाट अर्धवट उघडी, अशा देशात सिसिलीमधला एक कंटाळलेला सरदार आपल्या पत्नीला प्रियकर मिळवून देण्याच्या खटपटीला लागतो. मार्चेलो मास्त्रोयानी यांनी ही भूमिका तोंडावरची सुरकुतीही न हलवता केली आहे. आपण तिला अतिशयोक्ती समजून हसतो आणि मग ओशाळतो. त्या काळच्या इटालियन प्रेक्षकाला ठाऊक होते की त्यात अतिशयोक्ती फारशी नाही, आणि म्हणून त्याचे हसू आपल्या हसण्यापेक्षा निराळ्या जातीचे होते.

माझे म्हणणे असे की माणसांची हसण्याची शक्ती देशागणिक बदलत नाही. कोणता नियम मोडला जात आहे हे न सांगता कळणे, हे मात्र देशागणिक बदलते. विनोद बहुतेक वेळा नियमभंगातून निर्माण होतो, आणि जो नियम आपल्या हाडीमाशी रुजलेला नाही त्याचा भंग आपल्या लक्षातही येत नाही.

माझा सर्वांत आवडता विनोदी चित्रपट १९४९ चा ब्रिटिश ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ हा आहे. कापडाच्या दुकानात नोकरी करणारा एक तरुण उमरावपदापर्यंत पोहोचण्यासाठी वाटेतल्या नातलगांना एकेक करून संपवतो, आणि ते आठही नातलग अ‍ॅलेक गिनेस यांनी साकारले आहेत. खुनांचे वर्णन नायक ज्या सभ्य, घोटीव, किंचित कंटाळलेल्या इंग्रजीत करतो, त्यात खरा विनोद आहे. ब्रिटिश आवृत्तीच्या शेवटी तुरुंगातून सुटलेल्या नायकाला आठवते की कबुलीजबाबासारखे लिहिलेले आत्मचरित्र कोठडीतच राहिले, आणि चित्रपट तेथेच थांबतो. अमेरिकेत दाखवताना मात्र ते हस्तलिखित अधिकाऱ्यांच्या हाती लागल्याचे दाखवणारा एक छोटा तुकडा जोडावा लागला, कारण गुन्हेगाराला शिक्षा झाल्याचे दिसलेच पाहिजे असा तेथील निर्मितिसंहितेचा (चित्रपटांत काय दाखवावे याच्या नियमावलीचा) आग्रह होता. विनोदाची सगळी नजाकत त्या काही सेकंदांत गेली.

मूकपट

वरील विवेचन वाचनीय आहे, परंतु ते संवादप्रधान आणि उपरोधिक चित्रपटांपुरतेच खरे आहे. माझा आवडता चित्रपट बस्टर कीटन यांचा १९२६ चा ‘द जनरल’. प्रेयसीने झिडकारलेला नायक रेल्वे इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर खिन्न होऊन बसतो, इंजिन हळूहळू सुरू होते आणि तो त्या दांड्याबरोबर वर-खाली होत राहतो, तरी त्याच्या ते लक्षात येत नाही. येथे कोणता कायदा किंवा शिष्टाचार ठाऊक असावा लागतो? जड वस्तू हलते आणि दुःखी माणूस हलत नाही, एवढे कळले की पुरे.

आणि गंमत अशी की हा चित्रपट त्याच्या मायदेशात, अमेरिकेतच आपटला. त्यावर भरपूर खर्च झाला होता, समीक्षकांनी नाके मुरडली आणि कीटन यांचे स्वातंत्र्य त्यानंतर फार काळ टिकले नाही. आज मात्र तो जगातील सर्वश्रेष्ठ विनोदी चित्रपटांत गणला जातो. राष्ट्र तेच, चित्रपट तोच, तरी एका पिढीला हसू आले नाही आणि पुढच्या पिढ्यांना आले. तेव्हा इंग्रज, फ्रेंच, अमेरिकन असे कप्पे पाडण्याआधी काळाचाही विचार करावा.

धागाकर्त्यांना एक व्यावहारिक प्रश्न: ‘प्लेटाइम’ या वेळी आपण कोणत्या पडद्यावर पाहिलात? तातींनी तो ७० मिमी फिल्मवर चित्रित केला, त्यासाठी काचेच्या इमारतींचे अख्खे शहर उभारले आणि त्यापायी ते कर्जबाजारी झाले. त्यात समीपदृश्ये (क्लोज-अप) जवळजवळ नाहीत. एकाच वेळी चौकटीच्या तीन कोपऱ्यांत तीन गमती घडत असतात आणि कुठे पाहायचे हे कोणी सांगत नाही. लहान पडद्यावर त्या माणसांच्या मुंग्या होतात.

तळओळ

मी हौसेने काही चित्रपटांची सबटायटल्स तयार केली आहेत, त्यामुळे या प्रश्नाकडे मी थोड्या निराळ्या बाजूने पाहतो. परदेशी विनोद आपल्यापर्यंत पोहोचत नाही असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो पोहोचलेला असतो, फक्त वेळेवर पोहोचलेला नसतो. पडद्याखालच्या दोन ओळी प्रेक्षक एका नजरेत वाचून टाकतो, आणि नट मात्र शेवटच्या शब्दापूर्वी मुद्दाम थांबलेला असतो. त्या थांबण्यातच विनोदाचा जीव असतो. वाचणाऱ्याला शेवट आधीच कळतो, तो अर्धवट हसतो, आणि नट प्रत्यक्ष शब्द उच्चारतो तेव्हा हसू संपलेले असते. अशा वेळी मी वाक्य दोन तुकड्यांत फोडून दुसरा तुकडा उशिरा आणतो. पण वाक्यरचना वेगळी असलेल्या भाषेत दर वेळी ते साधत नाही. आपल्याकडे क्रियापद शेवटी येते, त्यामुळे मूळ वाक्यात आधी फुटलेली गोष्ट आपल्या ओळीत शेवटी जाते आणि कधीकधी विनोद मुळापेक्षा चांगला वठतो, हेही नमूद केले पाहिजे.

शाब्दिक कोटीची गोष्ट तर विचारूच नका. २००८ चा फ्रेंच चित्रपट ‘बिएन्व्हेन्यू शे ले श्ती’ त्या देशात दोन कोटींहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला. दक्षिणेतल्या एका टपाल अधिकाऱ्याची बदली उत्तरेला होते आणि तेथील लोक ‘स’चा ‘श’ करतात, यावर त्यातील बराचसा विनोद उभा आहे. आधीचा अधिकारी घरातले सामान घेऊन गेला, कारण ते त्याचे स्वतःचे होते, असे स्थानिक माणूस सांगतो. परंतु त्याच्या उच्चारात ‘त्याचे स्वतःचे’ या अर्थाचा शब्द ‘कुत्रे’ या शब्दासारखा ऐकू येतो आणि नवा अधिकारी चक्रावून जातो. हे भाषांतरित करता येत नाही. त्याच्या जागी दुसरी चूक नव्याने रचावी लागते. तरीही इटलीने २०१० मध्ये हाच चित्रपट पुन्हा केला, फक्त दिशा उलटी केली: तेथे उत्तरेकडच्या माणसाची दक्षिणेत बदली होते. बोलीवरचा विनोद सीमा ओलांडू शकला नाही, पण ‘त्या भागातली माणसे’ या पूर्वग्रहावरचा विनोद सहज ओलांडून गेला.

शंकेखोर

जर्मनांकडे विनोद नाही हे विधान करणाऱ्या आपल्या मित्राला एवढेच सांगा की ज्या ‘सम लाइक इट हॉट’ला तो खळखळून हसला, त्याची बीजकथा (बायकांच्या वाद्यवृंदात स्त्रीवेष घेऊन शिरणारे दोन वादक) १९३५ च्या फ्रेंच चित्रपटातली, तिची नवी आवृत्ती १९५१ मध्ये जर्मनीत झालेली, आणि दिग्दर्शक वाइल्डर ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मून बर्लिनमध्ये पटकथालेखन शिकलेले. अमेरिकन विनोद म्हणून आपण जे ओळखतो त्याचा बराच भाग हिटलरपासून पळालेल्या माणसांनी घडवला. वाइल्डर यांनी अमेरिकन आवृत्तीत काय वाढवले असेल, तर ते गुंडांचे हत्याकांड. स्त्रीवेष उतरवला तर जीव जाईल, ही भीती आल्यामुळे तीच जुनी गंमत धारदार झाली.

‘जुना प्रेक्षक’ यांच्या माहितीच्या सिद्धांतावर मात्र माझे दोन आक्षेप आहेत. पहिला ‘डिनर फॉर वन’चा. नव्वदाव्या वाढदिवसाला एक वृद्धा चार दिवंगत मित्रांसाठी टेबल मांडते आणि तिचा बटलर चौघांच्याही वाट्याचे मद्य पिऊन झिंगतो, असे हे सुमारे अठरा मिनिटांचे इंग्रजी प्रहसन जर्मन दूरचित्रवाणीने १९६३ मध्ये मुद्रित केले. जर्मनीत ते दरवर्षी ३१ डिसेंबरला इंग्रजीतच दाखवले जाते आणि लोक ते पाठ म्हणतात. ज्या ब्रिटनचे ते विडंबन आहे तेथील दूरचित्रवाणीवर ते पहिल्यांदा २०१८ मध्ये आले. तसेच एन्व्हर होजा यांच्या साम्यवादी राजवटीत अल्बेनियात पाश्चात्त्य चित्रपटांना बंदी असताना ब्रिटिश विनोदी नट नॉर्मन विस्डम यांच्या चित्रपटांना परवानगी होती, कारण मालकाकडून छळला जाणारा साधा माणूस राजवटीच्या विचारसरणीत बसत होता. मायदेशात जुने झाल्यावरही तेथे ते लाडके राहिले. येथे राष्ट्राच्या स्वभावापेक्षा कोणी काय दाखवले आणि किती वेळा दाखवले, याला महत्त्व आहे.

दुसरा आक्षेप मिलोश फोरमन यांच्या १९६७ च्या ‘द फायरमेन्स बॉल’चा. अग्निशामक दलाच्या समारंभातील सोडतीची बक्षिसे चोरीला जातात, लाज वाचवून ती परत ठेवता यावीत म्हणून दिवे घालवले जातात, आणि अंधारात उरलेलीही नाहीशी होतात. चेकोस्लोव्हाकियातले अग्निशामक यावर प्रचंड चिडले आणि पुढे तेथील सरकारने चित्रपटच दडपून टाकला. ज्यांना सर्वांत अधिक माहिती होती, तेच हसले नाहीत.

जुना प्रेक्षक

शेवटचा आक्षेप मला मान्य नाही. ते हसले नाहीत, कारण त्यांना विनोद पुरेपूर कळला होता. न कळल्यामुळे गप्प बसणे आणि कळल्यामुळे चिडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘डिनर फॉर वन’बद्दल मात्र मी निरुत्तर आहे, इतक्या वेळा पाहिलेल्या प्रहसनाला लोक विनोदासाठी हसतात की सोबतीसाठी, हे ठरवणे कठीण आहे.

अनिमिष (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. ‘मूकपट’ यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला थोडा संकोच वाटतो: आम्ही पाच जणांनी ‘प्लेटाइम’ एका लॅपटॉपवर, तोही खिडकीतून येणाऱ्या उन्हात पाहिला. मला हसू येत होते, कारण महोत्सवातल्या मोठ्या पडद्यावर पाहिलेले मी आठवून हसत होतो. समोर जे दिसत होते त्याला हसत नव्हतो, हे आता ध्यानात येते. जर्मनांविषयी बोलणाऱ्या मित्राला वाइल्डर यांचा इतिहास सांगितला, तर तो “म्हणजे विनोदासाठी त्यांना देश सोडावा लागला” असे म्हणाला आणि हे वाक्य मात्र आम्हा सर्वांना हसवून गेले. पुढची निवड त्याची आहे. त्याने मारेन आडे यांचा २०१६ चा जर्मन चित्रपट ‘टोनी एर्डमन’ निवडला आहे. तो पावणेतीन तासांच्या आसपास असल्याने या वेळी आम्ही प्रोजेक्टर भाड्याने आणणार आहोत.