मदत हवी आहे : वडिलांचे क्वाड व्हॉल्व्ह अँप्लिफायर विकण्याबाबत

नमस्कार. माझ्या दिवंगत वडिलांनी फोंड्याच्या घरी जपलेले क्वाड २ या ब्रिटिश बनावटीचे दोन व्हॉल्व्ह अँप्लिफायर (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारे ध्वनिवर्धक) आता वारशाने माझ्याकडे आले असून, ते जाणत्या संग्राहकाच्याच हाती जावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. १९५३ साली बाजारात आलेले हे मॉडेल मोनो, म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीचे, असल्यामुळे स्टीरिओसाठी दोन लागतात, म्हणून ही जोडी फोडायची नाही, हे मी ठरवले आहे.

प्रत्येकात केटी ६६ जातीचे दोन व्हॉल्व्ह असून त्यांवरची छपाई अजून स्पष्ट वाचता येते. इथल्या दमट हवेत आतले जुने कपॅसिटर (वीजभार साठवणारे भाग) खराब झाले असण्याची शक्यता असल्याने मी अँप्लिफायर थेट विजेला जोडलेले नाहीत. एका दुकानदाराने न पाहताच भंगाराचा भाव सांगितला, त्याचे फार वाईट वाटले. बाबा रविवारी सकाळी यांवरच नाट्यपदे ऐकत.

विक्रीपूर्वी कपॅसिटर बदलून घ्यावेत, की संग्राहक मूळ भागांनाच अधिक किंमत देतात? व्हॉल्व्ह तपासून देणारा विश्वासू तंत्रज्ञ पणजी, मडगाव किंवा बेळगावात कोणाच्या परिचयाचा आहे का? बाहेरगावी पाठवताना व्हॉल्व्ह काढून वेगळे बांधायचे, एवढे मला ठाऊक आहे. परंतु जड ट्रान्सफॉर्मरमुळे सांगाडा वाकू नये यासाठी बांधणी कशी करावी, हेही कृपया सांगावे.