पाँटून बोटीवर बीअर: चालवणारा शुद्धीत असला की झालं?

डोलकाठी:
"चालवणारा प्यायलेला नाही ना, मग बाकीच्यांनी हवी तेवढी घ्यावी," असं लेक लॅनिअरच्या (अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला तलाव) सहलीबद्दल कालच्या धाग्यात कुणीतरी ठोकून दिलंय. कायद्यापुरतं बरोबर. 2012 मध्ये त्याच तलावात बोटीच्या अपघातात दोन भावांचा जीव गेला, तेव्हा कुठे 2013 मध्ये जॉर्जियाने रक्तातल्या दारूची मर्यादा 0.10 टक्क्यांवरून 0.08 वर आणली, तीही चालवणाऱ्यापुरती. पण तोल जाऊन पाण्यात प्रवासीही पडतात! पाँटून म्हणजे पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट बोट; तिच्या पुढच्या रेलिंगबाहेर पाय सोडून कुणी बसलं आणि थ्रॉटल एकदम खाली आला, म्हणजे वेग झटकन उतरला, तर तो माणूस पुढे पडतो. मग दोन नळ्यांमधून थेट प्रोपेलरकडे.

सुकाणू:
अहो, मग बो-रायडिंगवर, म्हणजे असं पुढच्या टोकाला बसण्यावर लिहा की. पुढचं फाटक लावूनच निघायचं, विषय संपला. दारू मध्ये कशाला?

डोलकाठी:
कारण न प्यायलेला एकदा सांगितल्यावर आत येतो. चार बीअर झालेला हुज्जत घालतो आणि तेवढा वेळ चालवणाऱ्याचं समोर लक्ष नसतं.

लाटकर:
खरा प्रश्न लाइफ जॅकेटचा आहे. बुडालेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर ते नसतंच. 13 वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत सक्ती, मोठ्यांची मात्र सीटखाली कोंबलेली.

सुकाणू:
जुलैच्या उकाड्यात फोमचं घालून दाखवा! फुगणारं घ्या.

लाटकर:
घ्या, पण आपोआप फुगणारं. हाताने दोरी ओढायचं असेल तर प्यायलेल्याला पाण्यात ती सापडेलच असं नाही. निघण्यापूर्वी जॅकेट फुगवणारी गॅसची नळी घट्ट पिळलीय का आणि खूण हिरवी आहे का बघा. 16 वर्षांखाली आणि जेटस्कीवर फुगणारं जॅकेट सहसा चालत नाही. भाड्याच्या बोटीवर मिळेल ते निमूट घेणाऱ्यांनी निदान मापाचं तरी मागावं.

मृद्गंध:
जॅकेटपुराण आवरा. इंजिन किंवा जनरेटर चालू असताना मागच्या शिडीवर बसलेल्यांना कार्बन मोनॉक्साइड लागतो. डोकं दुखतं, मळमळतं, झापड येते. सगळे म्हणतात "चढलीय, पडू दे जरा", आणि माणूस पाण्यात घसरतो.

सुकाणू:
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मान्य. पण म्हणून बोटीवर दारूबंदी? अजिबात नाही!

डोलकाठी:
बंदी मागितली कुणी? नीट वाचा तरी! आधी पोहून घ्या. मग नांगर टाका, इंजिन बंद, किल्ली न पिणाऱ्याच्या खिशात, आणि त्यानंतर बाटली उघडा. एक पेग उतरायला साधारण तास लागतो, त्यामुळे किल्लीवाल्याने "परतीपर्यंत उतरेल" म्हणून एकही घ्यायची नाही. परत निघताना आधी डोकी मोजा, मगच किल्ली फिरवा.